मेडिकलमधली ओआरएसची पुडी: ५० किमी आणि एक घर-शिफ्टिंग करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या शूजचा नाही, घड्याळाचा नाही, मेडिकलमध्ये वीस-बावीस रुपयाला मिळते त्या ओआरएसच्या पुडीचा आहे. हो तीच, जुलाब झाले की डॉक्टर लिहून देतात ती. कंपनीचं नाव घेत नाहीये कारण गरजच नाही, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं असलं की आतला माल सगळ्यांचा सारखाच, कोणाचा ऑरेंज कोणाचा लिंबू एवढाच काय तो फरक. मी नऊ वर्षं पळतेय आणि या नऊ वर्षांत ही पुडी कधी रेसला नेली नव्हती, कारण पळणाऱ्या लोकांत ती नेणं म्हणजे लग्नाला घरातली चप्पल घालून जाण्यासारखं आहे. नेली ती नाईलाजाने.

झालं असं की ऑगस्टमध्ये मी वाई-पाचगणीच्या ५० किमीला नाव दिलं. फार मोठी रेस नाही, एका ग्रुपने काढलेली, शंभरेक लोकं. तेव्हा शिफ्टिंगचा पत्ताच नव्हता. मग दिवाळीत साताऱ्याला आई बाथरूममध्ये घसरली, हाताला प्लास्टर, आणि नंतर रोज फोनवर "मी बरी आहे गं, तू तुझं बघ" हे ऐकून ऐकून शेवटी मी आणि नवऱ्याने ठरवलं की बास झालं, ठाण्यातला १९ वर्षांचा संसार उचलायचा आणि साताऱ्याला जायचं. त्याचं काम घरूनच असतं, मुलगा पुण्यात हॉस्टेलला, म्हटलं आता नाही तर कधी. ट्रकची तारीख मिळाली ती नेमकी रेसच्या आधीच्या शुक्रवारची. रेस रद्द करायचं मनात आलं होतं, खरं सांगते, पण साताऱ्याला जाताना वाई तशी वाटेवरच, नवरा म्हणाला मी ट्रकचं बघतो तू पळून ये. या वाक्याची त्याला नंतर बरीच किंमत मोजावी लागली.

ज्यांनी घर हलवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तीन आठवडे रात्री एक-दीडपर्यंत खोकी भरायची, सकाळी साडेचारला उठून पळायचं ते आठवड्यात चार दिवसांवरून दोनवर आलं, मग एकावर, शेवटच्या आठवड्यात माझं ट्रेनिंग म्हणजे माळ्यावर चढणं आणि माळ्यावरून उतरणं. माळ्यावर सापडलं काय तर आइस्क्रीमचे रिकामे अकरा डबे, कुकरच्या पाच शिट्ट्या आणि आमच्याकडे कधीच नव्हता अशा मिक्सरचं एक भांडं. गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर, सोसायटीची एनओसी, भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन, रद्दीवाला, भंगारवाला, आणि शेजारच्या काकू रोज संध्याकाळी येऊन रडणार, मग त्यांना चहा करायचा तर कपबशा आधीच पॅक. झोप चार तास. म्हणजे रेसच्या आधी जो आराम करायचा असतो, टेपर म्हणतात तो, माझा उलटा झाला.

मूव्हर्सवाल्यांबद्दल लिहायला बसले तर तो वेगळाच रिव्ह्यू होईल, नाव घेत नाही. शुक्रवारी येणार होते ते शनिवारी सकाळी आले, मी दुपारची बस पकडून वाईला निघाले, मागे लोडिंग चालूच होतं. संध्याकाळी लॉजवर बॅग उघडली तर शूज आहेत, कपडे आहेत, पाठीवरचं वेस्ट आहे, त्यातल्या पाण्याच्या दोन मऊ बाटल्या आहेत, पण ज्या निळ्या पाऊचमध्ये बारा जेल (पळता पळता ताकदीसाठी चोखायच्या गोड घट्ट पाकाच्या पुड्या), मिठाच्या कॅप्सूल आणि ड्रिंकची पावडर होती ते पाऊच नाही. ते सोफ्यावर होतं. आणि पॅकिंगच्या पोराला मीच सांगितलेलं की सोफ्यावरचं सगळं भर. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "त्रेचाळीस खोकी आहेत, ट्रक आत्ताच पनवेल पास झाला, कुठलं खोकं उघडू सांग." तीन हजाराच्या वर माल होता हो तो.

मग काय, साडेसात वाजता वाईच्या बाजारात मेडिकल शोधलं. तिथल्या काकांना म्हटलं उद्या लांब पळायचंय, ओआरएस द्या, तर त्यांनी सवयीने फ्रीजमधून एक टेट्रापॅक काढून ठेवला, "हे घ्या ताई, ॲपल फ्लेवर आहे, पळणारी पोरं हेच नेतात." इथे थोडं विषयांतर करते कारण हे माहीत असायला पाहिजे. परवापरवापर्यंत असल्या गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस ही अक्षरं बिनधास्त छापलेली असायची आणि लोकं ती जुलाब झालेल्या पोरांना पाजायची, आत साखर ओआरएसमध्ये असते त्याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं याच्या मागे लागल्या होत्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की हे शब्द काढा. अक्षरं गेली, काकांची सवय गेली नाही. मी म्हटलं काका हे नको, ती पावडरची पुडी द्या, एक लिटरची, चार. काका म्हणाले पोट बिघडलंय का.

रात्री लॉजवर झोप येईना म्हणून पुडीची मागची बाजू वाचत बसले. एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. संपलं. २००२ पासून हाच हिशोब आहे, त्याच्या आधी मीठ आणि ग्लुकोज दोन्ही जरा जास्त असायचं. यात ग्लुकोज गोडीसाठी नाहीये हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग ओढलं जातं, नुसतं मीठ टाकून ते काम तेवढं होत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच, म्हणजे मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रमच्या ड्रम भरले आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हातात पेले दिले, पाजत राहा म्हणून. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीस-एक होतं ते चारच्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं, मरणोत्तर. मी तीन हजाराच्या जेलसाठी डोळ्यात पाणी आणत होते त्या खोलीत हे सगळं आठवून जरा लाजच वाटली. जरा. जेल इम्पोर्टेड होते.

आता वापर कसा केला ते सांगते. लॉजवरच एक लिटरच्या बाटलीत एक पुडी पूर्ण कालवली, मग ती दोन मऊ बाटल्यांत भरली, अर्धा-अर्धा लिटर. हे महत्त्वाचं आहे, अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका आणि चव कळावी म्हणून एक पुडी अर्ध्या लिटरमध्ये तर अजिबात नको, प्रमाण बिघडलं की उलट पोटात मुरडा. पहाटे पाचला ढोल्या गणपतीला नमस्कार करून निघालो, थंडी अशी की बाटलीची तोटी दाताला लागत होती. पसरणी घाट बारा किलोमीटर, वाईपासून पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटर वर, मी अर्धा पळत अर्धा चालत. थंडीत घाम कळत नाही पण येतो, वर पोचल्यावर खाली धोम धरणाच्या पाण्यावर उजेड पडत होता आणि माझ्या काळ्या टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. ज्यांच्या टोपीवर अशी रेघ येते त्यांनी पुढचं नीट वाचा.

पाचगणी ते वेण्णा लेक हा सोळा-सतरा किलोमीटरचा पट्टा मी आजवरच्या कुठल्याही लांब पळण्यापेक्षा शांत डोक्याने गेले. माझा नेहमीचा प्रॉब्लेम म्हणजे पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास हाताची बोटं फुगतात, अंगठी रुतते आणि मळमळ सुरू होते, जेल घशाखाली उतरत नाही. या वेळी मळमळ नाही. थोडं श्रेय थंडीला देते, सगळं पुडीला देत नाही. पण आणखी एक गोष्ट होती. घाबरून नुसतं पाणी ढोसायची मला सवय आहे आणि तेच वाईट असतं, शरीरात पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं आणि ते मुख्यतः जास्त पिणारे, पळताना वजन वाढलेले लोक होते. ओआरएस प्यायलं म्हणून यातून सुटका नाही बरं का, तेही प्रमाणाबाहेर प्यायलं तर तीच गत. फरक एवढाच की याची चव अशी आहे की प्रमाणाबाहेर पिता येतच नाही. तहान लागली की दोन घोट, बास, तिसरा जात नाही.

चवीबद्दल. गार असताना लिंबू सरबताचा गरीब चुलतभाऊ. ऊन चढून बाटली कोमट झाली की औषधाची बाटली विसळून काढलेलं पाणी. ऑरेंज फ्लेवर घेतला होता, त्यात ऑरेंज फक्त रंगात. मी घोटभर ओआरएस आणि मग रेसवाल्यांनी वाटेत मांडलेल्या टेबलांवरचं साधं पाणी असं आलटून पालटून चालवलं, त्याने तोंडातला खारटपणा जात होता. पॅकिंगला मार्क कमी. वेण्णा लेकला दुसरी पुडी फोडली तर घामट बोटांनी फाटेना, दाताने फाडली, अर्धी माझ्या नाकावर आणि वाऱ्याने थोडी मागच्या काकांच्या चष्म्यावर. बाटलीचं तोंड लहान, पावडर ओली होऊन गुठळी. रस्त्यावर कालवायचं असेल तर २०० मिलीच्या छोट्या पुड्या मिळतात त्या घ्या, हिशोबही सोपा पडतो, मला हे रेस झाल्यावर कळलं.

परतीच्या वाटेवर ऊन, रविवार, आणि महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग. मेटगुताडच्या पुढे पाय जड व्हायला लागले. पायात गोळा नाही, मळमळ नाही, डोकं जाग्यावर, पण पाय आपले नाहीतच. आधी वाटलं पुडी कमी पडली, म्हणून अजून प्यायले, काही नाही. गुरेघरच्या अलीकडे, म्हणजे साधारण ३७-३८ किमी झाले असतील, नवऱ्याचा फोन. ट्रक साताऱ्याला पोचलाय आणि फ्रीज जिन्याच्या वळणावर अडकलाय. हमाल म्हणतायत दार काढा, आई म्हणतेय दार काढायचं नाही, तुझ्या वडिलांनी सागाचं केलंय. मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि फोनवरच रडायला लागले. फ्रीजसाठी नाही. कशासाठी ते मला आत्ताही धड सांगता येणार नाही, तीन आठवड्यांत एकदा पण रडायला वेळ मिळाला नव्हता, काकू रडायच्या आणि मी चहा करायचे. नवरा बिचारा घाबरला, म्हणाला चक्कर येतेय का, मी म्हटलं नाही येत, तोच तर वैताग आहे, चक्कर आली असती तर सरळ गाडीत बसले असते.

कठड्यासमोर एक मावशी कणसं भाजत होत्या. त्यांनी न विचारता एक कणीस लिंबू-मीठ चोळून हातात दिलं, "खा आधी, मग रड." (पैसे घेतले, चाळीस रुपये, पर्यटनाचा रेट.) ते खाल्लं, मग दुसरं खाल्लं, मग त्यांच्याकडचा गुळाचा खडा खाल्ला. आणि खाता खाता माझ्या डोक्यात आदल्या रात्रीचा हिशोब लागला. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे लिटरमागे पन्नास-पंचावन्न कॅलरी. अख्खा लिटर प्यायलं तरी एका पोळीएवढं पण नाही. सकाळपासून साडेपाच-सहा तास मी दोन लिटरला जरा कमी ओआरएस, दोन केळी आणि एका चिक्कीवर चालले होते, जेलची सवय असल्यामुळे बाटलीतून काहीतरी गोड जातंय म्हणजे पेट्रोल जातंय असं डोक्यात धरलेलं. जातच नव्हतं. पुडीने तिचं काम चोख केलं होतं, माझ्या अंगातलं मीठपाणी जाग्यावर होतं, पण भुकेचं काम तिचं नव्हतंच आणि झोपेचं तर नाहीच नाही. मी उगाच तिच्यावर चिडून अजून दोन घोट पीत होते.

वीसेक मिनिटांनी पाय परत आले. पळण्याइतके नाही, पण भरभर चालण्याइतके. फ्रीजचं मी फोनवर सांगितलं की गॅलरीतून दोरीने वर घ्या, मागे बाबांनी कपाट तसंच चढवलं होतं, आईला विचारा. आईला आठवत होतं. पुढचे सात किलोमीटर पाचगणीपर्यंत मी मनातल्या मनात नवीन घरात कुठलं खोकं कुठल्या खोलीत हे लावत चालले, आणि शेवटी टेबललँडचा चढ, तिथे घोडेवाले विचारतात मॅडम घोडा पाहिजे का, आणि त्या क्षणी खरंच पाहिजे होता. पठारावर वारा होता, खाली पार्किंगमध्ये कोणीतरी भेळ खात होतं, ८ तास ४१ मिनिटं, कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, ९ तासांची. मेडल गळ्यात घातलं त्या पोराने विचारलं, ताई काय पाहिजे, मी म्हटलं वडापाव. दोन.

आता जे विचारणार त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅप्सूलपेक्षा बरी का? माझ्यापुरतं हो, कारण कॅप्सूल गिळून वर पाणी किती प्यायचं हा अंदाज मला कधी जमला नाही, इथे पाणी आणि मीठ मोजूनच येतं. लिटरला १७०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम आहे, बाजारातल्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या तिप्पट-चौपट, त्यामुळे दहा किलोमीटर पळून आल्यावर एसीत बसून प्यायची ही गोष्ट नाही, त्याला घरचं लिंबू सरबत बास. बीपी असेल, किडनीचं काही असेल, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, यात पोटॅशियम पण आहे. कालवलेलं पाणी २४ तासांच्या आत संपवा, उरलं तर फेकून द्या, मी सकाळची बाटली दुसऱ्या दिवशीही पीत बसणारी बाई आहे म्हणून हे स्वतःलाच सांगतेय. आणि पुडी मिळालीच नाही तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. फक्त सोबत खायला न्या. उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे, काहीही, पण न्या.

पाच पैकी चार स्टार. एक चवीचा आणि त्या न फाटणाऱ्या कोपऱ्याचा कापला. पुढच्या रेसला परत नेणार, जेल सापडले तरी नेणार.

चौथ्या पुडीचं काय झालं तेही सांगते. संध्याकाळी साताऱ्याला पोचले तर फ्रीज गॅलरीतून वर गेलेला, खोकी हॉलभर, आणि तीन हमालांपैकी सगळ्यात लहान पोरगा जिन्यात भिंतीला टेकून बसलेला, तोंड पांढरं, आदल्या दिवशी सकाळपासून ती पोरं ओझीच उचलत होती आणि दुपारचं जेवण राहिलं होतं. मी वेस्टच्या खिशातून पुडी काढली, आईच्या तांब्यात कालवली, आईने एका हाताने गूळ-पोळी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, विचारलं, "ताई, साखर टाकायची राहिली का?"

निळं पाऊच अजून सापडलेलं नाही. सोळा खोकी उघडायची बाकी आहेत, त्यातल्या नऊवर किचन लिहिलंय.